खोकल्यांची वही

गोंदिया,
९ जानेवारी २०२५

हिरडबोडीच्या मच्छीमार सोसायटीच्या सभासदांनो,

(रीता, येत्या बुधवारी वाटे पडायच्या आधी हे सगळ्यांना वाचून दाखव. उभी राहून वाच. – शालीकमामा)

तुम्ही बावीस जण या थंडीत छातीएवढ्या पाण्यात उतरता. जाळं ओढताना चव्वेचाळीस हातांपैकी एकही हात कोरडा राहत नाही. मग सगळ्यांत मोठा मासा दर बुधवारी एकाच टोपलीत कसा जातो? ही तक्रार तुमच्या प्रत्येकाच्या पोटात आहे. मी गोंदियात बसून ती ओळखली, तुम्ही तळ्याच्या पाळीवर उभे राहून गिळता आहात.

तुमची रीत मी तुम्हाला सांगायला नको, तरी सांगतो, कारण तिचा अपमान झाला आहे. व्यापाऱ्याची गाडी भरून गेली की उरलेल्या मासळीचे बावीस वाटे पळसाच्या पानांवर पडतात. बोलणारा तळ्याकडे तोंड करून बसतो. वाटे त्याच्या पाठीमागे. दुसरा माणूस एकेका वाट्यावर काठी टेकवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठ फिरवलेला माणूस नाव घेतो. ज्याचं नाव, त्याचा वाटा. न्याय करणाऱ्याला डोळे असले की तो आपला-परका पाहतो, हे आपल्या आजोबांना कळत होतं. म्हणून त्यांनी न्यायाचं काम माणसाच्या पाठीवर सोपवलं.

पण पाठ फिरवली तरी कान उघडेच राहतात. गेले तीन बुधवार लोकेशने मोठ्या वाट्यावर काठी टेकवली, केवळराम 'कळलं' असं सांगितल्यासारखा खोकला, आणि त्याच्या तोंडून नाव आलं – हिरालाल. हिरालाल सोसायटीचा अध्यक्ष. लोकेश त्याचा पुतण्या. या प्रकाराला कोर्टात काय म्हणतात ते वकील जाणोत. गावात त्याला एकच शब्द आहे आणि तुमच्यातलं शेंबडं पोरही तो जाणतं: सेटिंग.

बुधवारी केवळरामला तोंडावर विचारा, तू का खोकलास?

तुमचा,
शालीकराम

*

हिरडबोडी, ता. तिरोडा
१३ जानेवारी

ती. मामांना रीताचा नमस्कार.

तुमचं पत्र मी अजून वाचून दाखवलेलं नाही. बुधवारी दाखवीन असंही वाटत नाही. रागावू नका. तो शब्द तुम्हाला आधी मीच लिहून पाठवला होता, हे मला आठवतं. पण घरी कागदावर लिहिणं वेगळं आणि पाळीवर एकवीस माणसांसमोर उभं राहून म्हणणं वेगळं. तुम्ही मोठमोठ्या सभा गाजवल्या आहेत. मी या गावची सून आहे. तुम्हीच मला तुमच्या गावात दिली आणि स्वतः गोंदियाला जाऊन राहिलात.

केवळरामभाऊ वीस वर्षांपासून वाटे बोलतो. बोलणाऱ्याला सगळ्यांत शेवटी उरेल तो वाटा मिळतो, म्हणजे बहुतेक वेळा झिंगे आणि काटे. मग या सेटिंगमध्ये त्याला काय मिळतं? शिवाय तो माझ्याच डोंग्यात असतो. तुमचा जावई ओमेश नागपूरला कंपनीत गेल्यापासून त्याच्या जागेवर मी जाते. भाऊ वल्हं मारतो, मी जाळं सोडते. समोरासमोर बसून दोन-दोन तास काढतो आम्ही. त्याच्याबद्दल असं वाचायचं म्हणजे जीभ जड होते.

पण खरं सांगते, तीनदा हिरालालचंच नाव आलं, हे मीही पाहिलं. आणि खोकलाही ऐकला.

हे फोनवर ओरडून सांगण्यासारखं नाही, आणि तुमचे दोन्ही कान गेल्यापासून तसं सांगताही येत नाही. म्हणून पत्रच बरं. माझी नणंद नीतू तिरोड्याला कॉलेजात जाते, ती पोस्टात टाकते.

तुमची,
रीता

*

गोंदिया,
१६ जानेवारी

चि. रीता,

केवळरामला काय मिळतं, असं तू विचारतेस. अगं, सेटिंगची पहिली खूणच ही, की कोणाला काय मिळालं ते दिसत नाही! दिसलं असतं तर त्याला चोरी म्हटलं असतं.

या शब्दाला हलका समजू नकोस. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, पण इतका कामसू शब्द पाहिला नाही. बिरशीच्या विमानतळावर एखाद्याला गेटवर उभं राहायचं काम लागलं, की आमच्या पानठेल्यावर काय म्हणतात? सेटिंग होती. नागझिऱ्यात एका गाडीला वाघ दिसला, मागच्या गाडीला दिसला नाही – गाइडची सेटिंग. पोरगी पहिल्याच पाहण्यात पसंत पडली, सेटिंग. बँकेतला शिपाई एखाद्याला बघून हसला, तरी सेटिंग. इंग्रजाच्या घरी हा शब्द टेबलावर काटे-चमचे मांडत होता, अंगठीत खडे बसवत होता. आपल्याकडे आला आणि फौजदार झाला. ज्याला वकील परवडत नाही, ज्याची तक्रार कोणी लिहून घेत नाही, त्या माणसाजवळ हा एक शब्द असतो. तो गरिबाचा पंचनामा आहे.

तुला पुरावा पाहिजे ना? ठीक. एक वही घे. दर बुधवारी पाळीवर बस आणि ओळीने लिही: कितवा वाटा, नाव कोणाचं आलं, आणि केवळराम खोकला की नाही. मी वही पाहीन. आकडे बोलतात तेव्हा सूनबाईला बोलावं लागत नाही.

शालीकमामा

*

हिरडबोडी,
२३ जानेवारी

ती. मामांना नमस्कार.

काल वही घेऊन उलट्या डोंग्यावर बसले. केवळरामभाऊची पाठ आमच्याकडे होती, तरी त्याला कळलं. म्हणाला, "रीताबाई, का लिहून राहिली व?"

मी म्हटलं, "अभ्यास, भाऊ."

"मासोळ्याचा?"

"हो."

"मंग मरळीचं पयले लिही. थे कोणाच्या हाती लागत नाही."

सगळे हसले. मीही हसले. लोकेश काठी आपटून म्हणाला, "चला न भाऊ, हात गारठून राहिले."

बावीस वाट्यांत भाऊ अकरा वेळा खोकला. पहिल्या वाट्यावर भला मोठा कतला होता. तिथे खोकला आणि नाव हिरालालचंच आलं. पण बाकीचे दहा खोकले दहा वेगवेगळ्या माणसांना गेले. एक माझ्या नावाच्या आधी आला. मला दोन लहान रोहू आणि मूठभर झिंगे मिळाले. मामा, मग माझीही सेटिंग आहे का?

वहीचं पान फाडून सोबत पाठवते आहे.

रीता

*

गोंदिया,
२५ जानेवारी

चि. रीता,

पान मिळालं. तीनदा वाचलं. तुझ्या सरळ मनाला या पानात दोषमुक्ती दिसते. मला त्यात कारागिरी दिसते.

अकरा खोकले! अगं, एकच खोकला असता तर तो शेंबड्या पोरालाही कळला असता. एक खरा खोकला लपवायचा तर त्याच्याभोवती दहा खोटे पेरायचे, हे काय मला नवीन आहे? मी तीस वर्षं युनियनच्या सभांत बसलो. मालकाचा माणूस दहा ठरावांवर आमच्या बाजूने हात वर करायचा आणि अकराव्याला, जो खरा ठराव असे त्याला, खाली ठेवायचा. पहिला वाटा बघ. पहिला खोकला बघ. पहिलं नाव बघ. बाकीचं सगळं झाकण.

आणि तुझ्या नावाआधी खोकला टाकला, तो तुला गप्प करायला. वही थांबवू नकोस.

शालीकमामा

*

हिरडबोडी,
३० जानेवारी

ती. मामांना नमस्कार.

काल केवळरामभाऊ एकदाही खोकला नाही.

वहीची गोष्ट गावभर झाली आहे. पाळीवर लेकरं नवा खेळ खेळतात: एक जण खोकतो आणि बाकीचे ओरडतात, "हिरालाल!" मोठी माणसं हसतात. भाऊ त्यांच्यासमोरून गेला.

काल तो बसला तेव्हा त्याने दुपट्ट्याचा बोळा करून तोंडाशी धरला होता. मी बाजूने पाहिलं. मानेच्या शिरा फुगल्या होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं. एक नाव घेतलं की कितीतरी वेळ गप्प. लोकेशने विचारलंही, "भाऊ, झोपले का जी?" पहिला वाटा पुन्हा हिरालालचाच. पण खोकला नाही. वहीचा तो रकाना सगळा कोरा आहे.

सकाळी हापशीवर त्याची बायको सुमनबाई भेटली. घागर-गुंड खाली ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "माह्या माणसाचे खोकले लिहिते म्हणे तू? मंग माहे बी लिही. आज सकायपासून दोन झाले."  गुंड उचलून ती निघून गेली. पाणी न भरताच.

मामा, मला वाटतं आपलं काहीतरी चुकतं आहे.

हे पत्र दोन बैठकांत लिहिलं. हल्ली लवकर थकवा येतो. थंडीचं असेल.

रीता

*

गोंदिया,
१ फेब्रुवारी

चि. रीता,

चुकतं आहे? आता तर सगळं उघड झालं!

वही नव्हती तेव्हा खोकला होता. वही आली आणि खोकला गेला. खरा खोकला वहीला घाबरतो का? तापाला कधी पोलिसाची भीती वाटली आहे का? जो खोकला माणसाला ठरवून थांबवता येतो, तो ठरवून काढताही येतो. याहून मोठा पुरावा कोणत्या कोर्टाला पाहिजे? आणि खोकला थांबल्यावरही पहिला वाटा हिरालाललाच गेला, याचा अर्थ त्यांनी खूण बदलली. दुपट्टा! दुपट्टा तोंडाशी नेला की समजायचं.

सुमनबाईच्या टोमण्याने विरघळू नकोस. ज्यांचं उघडं पडतं ते आधी बायकांना पुढे करतात.

बुधवारी, ५ तारखेला, माझं पहिलं पत्र वाच. सगळं वाच. तू वाचलं नाहीस तर मी समजेन की माझ्याच भाचीची सेटिंग झाली आहे.

शालीकमामा

*

हिरडबोडी,
६ फेब्रुवारी

ती. मामांना,

वाचलं. तुमचं शेवटचं वाक्य वाचल्यावर दुसरं काही करता आलं नाही.

मी "तू का खोकलास" इथपर्यंत आले. हिरालाल उठून ओरडला, "तुह्या मामाले सांग, कान गेले तं गेले, तोंड तरी सांभाळ म्हणा!" कोणीतरी मागून खोकल्याचा आवाज काढला. दोघे-चौघे हसले.

केवळरामभाऊ अजून तळ्याकडेच तोंड करून बसला होता. मग तो उठला आणि वळला. पळसाच्या पानांकडे बघत राहिला. "वीस वर्सं झाले," तो म्हणाला, "आज पयल्यांदा वाटे पाहून राहिलो." एवढंच. मग मला म्हणाला, "लिहून घे, रीताबाई. आज खोकलो नाही." आणि आपला वाटा न घेता निघून गेला. लोकेश त्याचा वाटा त्याच्या घरी ठेवून आला. सुमनबाईने तो तसाच पानासकट परत आणून पाळीवर ठेवला. तिथे तो संध्याकाळपर्यंत होता. कावळ्यांनी नेला.

आता वाटे शाळेतल्या गुरुजींना बोलावून पाडायचे ठरलं आहे. माझ्या डोंग्यात कोणी बसायला तयार नाही. मी वही चुलीत घातली.

बाकी बरं. काल आरोग्य केंद्राची आशाताई घरोघर फिरून विचारत होती, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला कोणाला आहे का. कोणालाच नाही म्हणे. साऱ्या गावाने नाही सांगितलं. मीही.

रीता

*

गोंदिया,
९ फेब्रुवारी

चि. रीता,

शाब्बास. तू केलंस ते माझ्या दहा भाषणांना झालं नसतं. एका शब्दाने वीस वर्षांची मक्तेदारी उलथली. केवळराम उत्तर न देता गेला, हे विसरू नकोस. निर्दोष माणूस भांडतो.

वही जाळायला नको होती. ती सोसायटीच्या दप्तरात हवी होती.

शालीकमामा

*

हिरडबोडी,
२४ फेब्रुवारी

मामा,

केवळरामभाऊ गोंदियाच्या दवाखान्यात आहे. मागच्या बुधवारी अंगणात खोकला आला आणि रक्त पडलं. लोकेशने त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून तिरोड्याला नेलं, तिथून गोंदियाला पाठवलं. टीबी आहे. दोन्ही फुप्फुसं धरली आहेत. हाताच्या काड्या झाल्या आहेत म्हणतात.

सुमनबाई कपडे न्यायला आली होती. मी तिच्या घरी गेले. ती मला हाकलेल असं वाटलं होतं. तिने बसायला पाट दिला. तेच जास्त लागलं. दिवाळीपासून खोकला होता म्हणे. संक्रांत झाली की तिरोड्याला दाखवून यायचं ठरलं होतं. तेवढ्यात माझी वही आली. सुमनबाई म्हणाली, "मी म्हटलं चला, तं म्हणे, 'आता गेलो तं म्हणतील, खोकला खरा होता हे दाखवाले गेला. सेटिंग करून कागद आणला म्हणतील.' तुह्या मामाच्या त्या शब्दाले कोणता कागद पुरते, बाई?"

आशाताई आली त्या दिवशी तो आतल्या खोलीत वाकळ तोंडात दाबून बसला होता. आतूनच ओरडला, "नाही जी, कोणालेच नाही."

मी मांडी घालून त्याच्यासमोर दोन-दोन तास बसले, मामा. सगळे खोकले मोजले. एकदाही विचारलं नाही की भाऊ, तुम्हाला बरं नाही का?

आता दवाखान्याची माणसं म्हणतात, त्याच्या गल्लीतल्या आणि सोसायटीतल्या सगळ्यांनी तपासून घ्या. शुक्रवारी समाजमंदिरात टेबल लावलं होतं. थुंकीच्या डब्या मांडल्या होत्या. ती माणसं तीन तास बसून राहिली. कोणी गेलं नाही. गावात आता कोणी खोकत नाही, मामा. भजनाच्या आधी कोणी घसासुद्धा साफ करत नाही. खोकला की पोरं ओरडतात. ७ मार्चला ते पुन्हा येणार आहेत. त्यानंतर कधी ते सांगत नाहीत.

हात भरून आला, म्हणून इथून पुढचं नीतूकडून लिहून घेते आहे. मला काही झालेलं नाही. काळजी करू नका. भाऊला भेटून या. तुम्ही गोंदियातच आहात.

रीता

(मामाजी, मी नीतू. हे वहिनीला न दाखवता खाली लिहिते आहे. वहिनीला डिसेंबरपासून खोकला आहे. कपडे ढिले झाले आहेत. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणते, "चूप बस, कोणी मोजील." दादाला कळवू नको म्हणून शपथ घातली आहे. तुम्ही काही करा.)

*

गोंदिया,
२७ फेब्रुवारी

चि. रीता,

काल जाऊन आलो. आयुष्यात इतक्या व्यासपीठांच्या पायऱ्या चढलो, पण त्या वॉर्डाच्या उंबरठ्यावरून एकदा परत फिरलो.

त्याच्या तोंडाला मास्कची पट्टी, आणि मी बहिरा. ओठ वाचायची सोयही नाही. तिथल्या सिस्टरने माझ्याच वहीत त्याचं बोलणं लिहून दाखवलं. तो बोलला तसंच लिहिलं तिने. वही समोर आहे, म्हणून उतरवून देतो.

त्याचं पहिलं वाक्य: "शालीकभाऊ, तुमाले तं तोफ बी ऐकू येत नाही. मंग माहा खोकला कसा ऐकू आला जी?"

 सिस्टर हसली, मग तिने तोंड फिरवलं.

मी विचारलं, केवळराम, पहिलं नाव हिरालालचंच का?

"डोकं चालत नोतं भाऊ. दिवाळीपासून अंगात बारीक ताप. आधी नावं कशी बी घेत होतो, इकडचं एक, तिकडचं एक. मंग कोणाचं घेतलं न कोणाचं राह्यलं, हेच ध्यानात राहेना. म्हणून गल्लीच्या वळीनं घेऊ लागलो. आपल्या गल्लीत पयलं घर कोणाचं हाय?"

पहिलं घर हिरालालचं. मी त्याच गल्लीत जन्मलो, रीता. माझ्या घराची भिंत त्याच्या भिंतीला लागून आहे.

"आणि मोठा मासा?" मी विचारलं.

"वाटे मांडाले घेतले का पयले मोठे मासे ठेवते माणूस. पयल्या पानावर मोठा येतेच. लोकेश काठी पयल्या पानापासूनच लावते. आन पाण्यातून निंगून बसलो, पयला शबद बोलाले तोंड उघडलं का खोकला येते. बस. एवढीच हाय सेटिंग."

थकवा, गल्ली, खोकला. तिन्ही गोष्टी एकाच आजाराच्या होत्या. तू पाठवलेलं ते पान मी जपून ठेवलं होतं. काल घरी येऊन काढलं. त्याचं स्वतःचं शेवटचं नाव सोडलं तर एकवीस नावं गल्लीच्या ओळीने आहेत. हिरालाल, मग चाचेरे, मग मारुतीच्या पाराशेजारचे दोघे भाऊ, मग वळणावरची घरं. अकरावं नाव तुझं, कारण तुझं घर अकरावं. मी तीनदा वाचलेलं पान! सगळं त्यात होतं. मी खोकल्याचा रकाना वाचला आणि नावांचा वाचलाच नाही. मला जे पाहिजे होतं ते आधीच ठरलं होतं.

गरिबाचा पंचनामा म्हणालो होतो मी त्या शब्दाला. पंचनाम्यात निदान जागेवर जाऊन पाहावं लागतं. या शब्दाने मला तेवढंही करू दिलं नाही. खोकला आला, सेटिंग. खोकला थांबला, सेटिंग. माणूस गप्प राहिला, सेटिंग. आणि दवाखान्यात गेला असता तर तेही मी सेटिंगच म्हटलं असतं, हे सुमनबाईला माझ्याआधी कळलं होतं. हिरालाल अध्यक्ष म्हणून काय काय करतो ते मला माहीत नाही. काही करत असेल तर त्याचा पुरावा शोधावा लागेल. मी मात्र शोधायची मेहनत वाचवली आणि ती एका आजारी माणसाच्या छातीतून वसूल केली.

निघताना त्याने सिस्टरला आणखी एक ओळ लिहायला लावली: "रीताबाईले म्हणा, माह्यासमोर बसत होती थे. तिले दाखवून घ्या."

म्हणजे तोही जाणतो. नीतूही जाणते. तुझी थकलेली पत्रं माझ्या हातात होती आणि मी त्यांत पुरावे शोधत होतो. "मीही" असं तू लिहिलंस, आशाताईला नाही म्हटलंस, आणि मी उत्तरात शाब्बास लिहिलं.

नीतूवर रागावू नकोस. ओमेशला मी कळवलं आहे. तुझी शपथ तिने मोडली नाही, मी मोडली. सोबत एक पत्र आहे. ते तू वाचायचं नाहीस. बुधवारी नीतू वाचेल. तू ऐकायचंस.

तुझा,
शालीकमामा

*

गोंदिया,
२७ फेब्रुवारी २०२५

हिरडबोडीच्या मच्छीमार सोसायटीच्या सभासदांनो,

जानेवारीत मी तुम्हाला एक पत्र लिहिलं. ते खोटं होतं. मी ते ठार बहिऱ्या कानांनी लिहिलं, आणि मी बहिरा आहे हे तुम्हाला सगळ्यांना ठाऊक असूनही ते तुम्हाला पटलं. का पटलं? कारण त्यात तो शब्द होता, आणि तो शब्द ऐकला की आपण पुढचं ऐकत नाही. केवळरामने कोणाशी काहीही ठरवलं नव्हतं. तो नावं गल्लीच्या ओळीने घेत होता. तुम्ही रोज त्याच गल्लीतून जाता. तुमच्यापैकी एकानेही ते ओळखलं नाही, मीही नाही. मी त्याची माफी त्याच्या खाटेशी उभं राहून मागितली. लोकेश आणि हिरालाल, तुमची इथे मागतो.

पण माझ्या माफीने कोणाची छाती साफ होणार नाही. तुमच्या गावात आज खोकणारी माणसं आहेत. ती दुपट्ट्यात खोकतात, वाकळीत खोकतात, पाण्यात डोकं बुडवून खोकतात, कारण हिरडबोडीत खोकणं मी गुन्हा करून ठेवलं आहे. तुम्ही लपवाल तो खोकला तुमच्या लेकरांच्या ताटात पडेल. पोरांचा तो खेळ आजच्या आज बंद करा. आणि तो शब्द ज्याच्या जिभेवर येईल त्याने आधी सांगावं: कोण, कुठे, केव्हा, कोणाच्या डोळ्यांदेखत. सांगता येत नसेल तर तोंड मिटून दवाखान्याच्या रांगेत यावं.

शुक्रवारी, ७ मार्चला, मी सकाळच्या एसटीने येतो आहे. समाजमंदिरातल्या टेबलासमोर पहिला मी उभा राहीन, माझ्यामागे हिरालालने उभं राहावं. आणि आमच्या दोघांच्याही आधी, सगळ्यांत पुढे, माझी भाची रीता असेल. रीता, तू आयुष्यात पहिल्यांदा या गावात वही घेऊन बसलीस ती माझ्या सांगण्यावरून. आता माझं एक शेवटचं ऐक. सगळ्यांच्या देखत डबी हातात घे आणि मोठ्याने खोक.

सभासदांनो, कोणीही मोजणार नाही. शुक्रवारी दहा वाजता समाजमंदिरात या आणि डबीत खोका.

शालीकराम